रेंज आहे, पण नोंद पोचली नाही: अ‍ॅपमध्ये तुटणारं नेट कसं हाताळायचं

“मॅडम, मी काल सगळं भरलंय. तुमच्याकडे का दिसत नाही?”

पाण्याच्या मीटरचे आकडे नोंदवण्यासाठी मी एक अँड्रॉइड अ‍ॅप लिहिलं होतं. ते वापरणाऱ्या एका मीटर रीडरचा हा फोन. त्याच्या ४१ नोंदी गायब होत्या. मोठ्या इमारतींचे मीटर बरेचदा तळघरात असतात. तिथे रेंजची एखादी दांडी दिसते, पण तिच्यातून काही जात नाही. माझा कोड नोंद पाठवण्याआधी ‘नेट आहे का’ ते बघायचा. नसेल तर नोंद फोनमध्ये ठेवायचा, असेल तर थेट सर्व्हरकडे पाठवायचा. तळघरात फोन म्हणायचा ‘आहे’. रिक्वेस्ट निघायची, दहा सेकंदांनी टाइमआउट व्हायची, म्हणजे वाट बघायची मुदत संपायची, आणि माझा कॅच ब्लॉक, म्हणजे चूक झाल्यावर चालणारा कोड, ती एरर लॉगमध्ये लिहून गप्प बसायचा. फॉर्म मात्र तोवर रिकामा होऊन पुढच्या मीटरसाठी तयार असायचा. समोरच्या माणसाने समजायचं तरी काय? पोचली असंच त्याने समजलं. दुसऱ्या दिवशी तो सगळे जिने पुन्हा उतरला.

त्या ४१ नोंदींनी मला हा विषय शिकवला. पुढे जे लिहिते आहे ते मुख्यतः अँड्रॉइडचं आहे, कारण माझं रोजचं काम तेच. आयफोन आणि वेबचं जिथे वेगळं पडतं तिथे तेही सांगते.

‘नेट आहे’ म्हणजे फोन नेमकं काय सांगतो

जुन्या कोडमध्ये तुम्हाला ‘गेटअ‍ॅक्टिव्हनेटवर्कइन्फो’ आणि त्यावर ‘इजकनेक्टेड’ अशी जोडी हमखास सापडेल. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे एपीआय २९ (अँड्रॉइडच्या आवृत्तीचा डेव्हलपरांसाठीचा आकडा) पासून, ‘नेटवर्कइन्फो’ हा क्लासच डेप्रिकेटेड, म्हणजे ‘आता वापरू नका’ असं जाहीर झालेला, आहे. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे अ‍ॅपच्या माहितीच्या फाइलमध्ये, ब्रॉडकास्ट रिसीव्हर (सिस्टीमच्या घोषणा ऐकणारा भाग) लावून नेटमधले बदल ऐकायची पद्धत त्याच्याही आधी बंद झाली. अ‍ॅपचं टार्गेट अँड्रॉइड ७ किंवा त्यापुढचं असेल तर तो ब्रॉडकास्ट तिथे येतच नाही. एखाद्या जुन्या ट्युटोरियलमधून हे उचललं असेल तर काढून टाका.

आता ‘कनेक्टिव्हिटीमॅनेजर’कडून ‘नेटवर्ककॅपॅबिलिटीज’ घ्यायच्या. त्यासाठी मॅनिफेस्टमध्ये ‘अ‍ॅक्सेस नेटवर्क स्टेट’ ही परवानगी लागते, पण ती वापरणाऱ्याला विचारावी लागत नाही. यातल्या दोन गोष्टींची गल्लत फार होते. ‘इंटरनेट’ ही कॅपॅबिलिटी एवढंच सांगते की हे नेटवर्क इंटरनेट देण्यासाठी जोडलेलं आहे. खरंच काही जातंय-येतंय का, त्याची ती हमी देत नाही. ‘व्हॅलिडेटेड’ ही एपीआय २३ पासून आली. सिस्टीमने स्वतः बाहेर एक छोटी रिक्वेस्ट पाठवून खात्री केली, असा तिचा अर्थ. त्या रिक्वेस्टला २०४ असा रिकामा प्रतिसाद यायला हवा. त्याऐवजी एखादं लॉगिनचं पान आलं, तर हे नेटवर्क ‘आधी साइन इन करा’ प्रकारातलं आहे हे फोनला कळतं आणि तो ‘कॅप्टिव्ह पोर्टल’ अशी खूण करतो. आयफोनही असंच करतो. तो एक ठरलेलं पान मागतो आणि त्यात ‘सक्सेस’ हा शब्द येतो का ते पाहतो.

म्हणून नुसतं ‘इंटरनेट’ बघू नका, ‘व्हॅलिडेटेड’ही बघा. पण तीही झाली काही क्षणांपूर्वीची बातमी. शिवाय फोनने खात्री केली ती दुसऱ्याच कुणाच्या सर्व्हरपर्यंत. तुमचा सर्व्हर चालू आहे की नाही, त्याला काहीच माहीत नाही. याच्या उलटही घडतं. एखाद्या संस्थेच्या आतल्या वाय-फायला बाहेरचं इंटरनेट नसतं, पण तुमचा सर्व्हर त्याच नेटवर्कमध्ये असतो. तिथे ‘व्हॅलिडेटेड’ येणारच नाही, आणि रिक्वेस्ट मात्र सुखरूप पोचेल. म्हणून माझा नियम असा: तपासणीचं उत्तर ‘नाही’ आलं तरी, वापरणाऱ्याने स्वतः बटण दाबलं असेल तर रिक्वेस्ट पाठवून बघायची. तपासणी फक्त दोन कामांसाठी ठेवायची. पडद्यावर काय दाखवायचं ते ठरवायला, आणि अडकलेल्या नोंदी पुन्हा पाठवायची वेळ झाली हे कळायला.

नेटमधले बदल ऐकण्यासाठी ‘रजिस्टरडिफॉल्टनेटवर्ककॉलबॅक’ वापरा (कॉलबॅक म्हणजे बदल झाला की सिस्टीमने चालवायचा आपला कोड). तो एपीआय २४ पासून आहे. त्याचा थोरला भाऊ ‘रजिस्टरनेटवर्ककॉलबॅक’ वापरलात तर एका जागी घसरायला होतं. त्यात वाय-फाय आणि मोबाइल डेटा दोन्हींच्या बातम्या वेगवेगळ्या येतात. वाय-फाय गेलं की ‘ऑनलॉस्ट’ येतो, बहुतेक जण तिथे ‘ऑनलाइन = खोटं’ लिहून मोकळे होतात, आणि मोबाइल डेटा चालू असतानाही अ‍ॅप ‘नेट नाही’ म्हणत बसतं. तोच वापरायचा असेल तर जिवंत नेटवर्कचा एक संच ठेवा आणि तो रिकामा झाला तरच नेट गेलं म्हणा. आणखी एक. ‘ऑनअव्हेलेबल’ आला की लगेच तिथूनच कॅपॅबिलिटीज विचारायचा मोह होतो. विचारू नका, तेवढ्यात परिस्थिती बदललेली असू शकते. मागोमाग ‘ऑनकॅपॅबिलिटीजचेंज्ड’ येतो, त्यात जे मिळेल ते धरा. हे कॉलबॅक मुख्य थ्रेडवर, म्हणजे पडदा रंगवणाऱ्या धाग्यावर, येत नाहीत, त्यामुळे पडद्याला हात लावण्याआधी मुख्य थ्रेडवर या. आणि काम संपलं की अनरजिस्टर करा.

आयफोनवर याच कामाला ‘एनडब्ल्यूपाथमॉनिटर’ आहे, २०१८च्या आयओएस १२ पासून. तिथे मला त्याहून आवडते ती ‘युआरएलसेशन’ची ‘वेट्सफॉरकनेक्टिव्हिटी’ ही सोय. ती चालू केली की जोडणी नसताना रिक्वेस्ट लगेच अपयशी होत नाही, जोडणीची वाट बघते. आधी तपासा आणि मग पाठवा, हा सगळा खटाटोपच त्यामुळे वाचतो. वेबवर ‘नेव्हिगेटर.ऑनलाइन’ आहे. तो ‘नाही’ म्हणाला तर बहुधा खरंच नाही. ‘हो’ म्हणाला तर मशीन कुठल्या तरी नेटवर्कला जोडलेलं आहे, एवढाच अर्थ घ्या.

दर काही सेकंदांनी ८.८.८.८ला (गूगलच्या सार्वजनिक सर्व्हरला) पिंग करून, म्हणजे ‘आहेस का’ असं विचारून, नेट तपासणारा कोडही मी पाहिला आहे. काही नेटवर्कवर पिंग अडवलेलं असतं, बॅटरी जाते ती वेगळीच, आणि तुमच्या सर्व्हरबद्दल कळत काहीच नाही. खरी रिक्वेस्ट हीच खरी तपासणी.

नेमकं कुठे तुटलं

‘नेटवर्क एरर’ या एका नावाखाली चार-पाच वेगळ्या घटना दडलेल्या असतात. सर्व्हरचं नाव शोधतानाच अडलं तर ‘अननोनहोस्टएक्सेप्शन’ येतो. नाव सापडलं पण जोडणी नाकारली गेली तर ‘कनेक्टएक्सेप्शन’. वेळ संपली तर ‘सॉकेटटाइमआउटएक्सेप्शन’. सुरक्षित जोडणीची बोलणी फिसकटली तर ‘एसएसएलहँडशेकएक्सेप्शन’. आयफोनवर हेच आकड्यांत येतं: उणे १००९ म्हणजे इंटरनेट नाही, उणे १००३ म्हणजे होस्ट सापडला नाही, उणे १००१ म्हणजे टाइमआउट, उणे १००५ म्हणजे चालू जोडणी मध्येच तुटली.

हँडशेकच्या एररवर जरा थांबते, कारण तिचा अर्थ बरेचदा चुकीचा लावला जातो. वापरणाऱ्याच्या फोनचं घड्याळ मागे-पुढे असलं की सर्व्हरचं सर्टिफिकेट ‘अजून सुरूच झालं नाही’ किंवा ‘मुदत संपली’ असं ठरतं आणि जोडणी तुटते. लॉगिन मागणारं वाय-फायही तुमची एचटीटीपीएस रिक्वेस्ट मध्येच पकडायला गेलं तर अशीच एरर देतं. अशा वेळी ‘सुरक्षा धोका’ असा संदेश दाखवून माणसाला घाबरवू नका. ‘फोनची तारीख आणि वेळ बरोबर आहे ना, आणि वाय-फायला साइन इन करायचं राहिलं आहे का, ते बघा’ असं सांगा. आणि ही एरर टाळण्यासाठी सर्टिफिकेटची तपासणीच बंद करण्याचा जो तोडगा सर्रास सुचवला जातो, तो कधीही स्वीकारू नका. वापरणाऱ्याचा पासवर्ड वाटेवर उघडा टाकण्यासारखं आहे ते.

सर्व्हरपर्यंत पोचून नकार आला, तर ती वेगळी गोष्ट. वेबवर ‘फेच’ (ब्राउझरचं रिक्वेस्ट पाठवायचं फंक्शन) वापरणाऱ्यांनी इथे सावध राहावं. ४०४ (सापडलं नाही) किंवा ५०० (सर्व्हरची चूक) आला तरी फेचच्या दृष्टीने रिक्वेस्ट यशस्वीच असते, तुमचा कॅच चालणारच नाही. ‘रिस्पॉन्स.ओके’ स्वतः तपासावं लागतं.

पण माझ्या मते या सगळ्या नावांपेक्षा एक प्रश्न मोठा आहे. रिक्वेस्ट नक्की पोचली नाही, की पोचली का ते आपल्याला कळलंच नाही? नाव सापडलं नाही, जोडणी झाली नाही, तर ती नक्की पोचलेली नाही. पण रिक्वेस्ट गेली, सर्व्हरने नोंद लिहून घेतली आणि उत्तर परत येताना तुटलं, तर फोनला दिसतो फक्त टाइमआउट. जोडताना वेळ संपली काय आणि उत्तराची वाट बघताना संपली काय, जावामध्ये दोन्हीला ‘सॉकेटटाइमआउटएक्सेप्शन’च येतो. त्यामुळे टाइमआउट म्हणजे ‘माहीत नाही’, असंच धरून चालावं.

हे मी शिकले ते दुसऱ्या ठेचेने. पहिली चूक सुधारताना मी मोठ्या उत्साहाने रिट्राय, म्हणजे आपोआप पुन्हा पाठवणं, लावला. नोंदी हरवायच्या थांबल्या. आठवड्याभरात सर्व्हरवर एकाच मीटरचा एकच आकडा तीन-तीन वेळा दिसू लागला.

उपाय साधा आहे, पण त्याचा क्रम महत्त्वाचा. नोंद फोनमध्ये पहिल्यांदा जपली जाते त्याच क्षणी तिला एक यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कुठल्याच नोंदीशी न जुळणारा ओळख क्रमांक, द्यायचा. पाठवताना द्यायचा नाही, कारण मग प्रत्येक रिट्रायला नवा यूयूआयडी तयार होईल आणि सगळी मेहनत फुकट. तोच यूयूआयडी प्रत्येक प्रयत्नाबरोबर जातो. सर्व्हरच्या टेबलात त्या रकान्यावर युनिक बंधन असतं. तीच नोंद दुसऱ्यांदा आली तर सर्व्हर नवी ओळ लिहीत नाही, पहिल्या वेळचंच ‘मिळाली’ हे उत्तर पुन्हा देतो. सर्व्हर दुसऱ्या टीमच्या हातात असेल तर हे बोलणं पहिल्याच आठवड्यात उरकून घ्या. गेट, पुट आणि डिलीट या प्रकारच्या रिक्वेस्ट पुन्हा पाठवल्या तरी परिणाम तोच राहावा असा एचटीटीपीचा संकेत आहे. नवी नोंद पाठवायच्या पोस्ट रिक्वेस्टला तसं संरक्षण नाही, ते आपणच द्यायचं असतं.

किती वाट बघायची, किती वेळा

ओकेएचटीटीपी या अँड्रॉइडवर रिक्वेस्ट पाठवणाऱ्या लायब्ररीमध्ये जोडणे, वाचणे आणि लिहिणे या तिन्हींचा टाइमआउट मुळात १० सेकंद असतो. पण संपूर्ण कॉलचा टाइमआउट शून्य, म्हणजे मर्यादाच नाही. वाचण्याचा टाइमआउट मोजला जातो तो डेटाच्या दोन थेंबांमधल्या खंडाचा. सर्व्हरकडून दर नऊ सेकंदांनी थोडं थोडं येत राहिलं तर ती रिक्वेस्ट कितीही वेळ चालेल. त्यामुळे कॉल टाइमआउट हाताने लावाच. छोट्या नोंदींना मी ३० सेकंद देते, फोटोंना वेगळा क्लायंट आणि दोन मिनिटं. युआरएलसेशनमध्ये रिक्वेस्टचा टाइमआउट ६० सेकंद असतो आणि पूर्ण रिसोर्सचा तब्बल ७ दिवस. फेचला स्वतःचा असा टाइमआउट लावलेला नसतो, ‘अबॉर्टकंट्रोलर’ने आपण तो लावायचा.

पुन्हा पाठवायचं ते टाइमआउट आणि तुटलेल्या जोडणीवर, आणि ४०८ (वेळ संपली), ४२९ (फार रिक्वेस्ट आल्या), ५०२, ५०३, ५०४ (सर्व्हरकडे अडलं) या उत्तरांवर. ४२९ किंवा ५०३ बरोबर ‘रिट्राय-आफ्टर’ हेडर आला असेल तर तेवढं थांबायचं. ४०० किंवा ४२२ आलं तर नोंदीतच काही चुकलं आहे, तीच शंभर वेळा पाठवून ती बरोबर होणार नाही. ती बाजूला काढून माणसाला दाखवा.

४०१चं, म्हणजे ‘तुमची ओळख पटली नाही’ या उत्तराचं, मात्र जपून. माणूस चार दिवस नेटबाहेर राहतो, तोवर टोकनची, म्हणजे लॉगिनच्या डिजिटल पासची, मुदत संपते, परतल्यावर पहिल्याच रिक्वेस्टला ४०१ येतं. पुष्कळ अ‍ॅप्समध्ये ४०१ आलं की लॉगआउट आणि लॉगआउट झालं की डेटाबेस साफ, अशी साखळी लिहिलेली असते. चार दिवसांचं काम एका ओळीत पुसलं जातं! टोकन एकदा नवं करून बघा. नाहीच झालं तर लॉगिन पुन्हा मागा, पण न पाठवलेल्या नोंदींना हात लावू नका.

दोन प्रयत्नांमधलं अंतर दुप्पट करत न्यायचं: २ सेकंद, ४, ८, १६, असं पाच मिनिटांपर्यंत. आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळायचा. सर्व्हर दहा मिनिटं बंद पडून पुन्हा उभा राहिला की सगळे फोन एकाच सेकंदाला त्याच्यावर तुटून पडतात आणि तो परत झोपतो. यादृच्छिक फरकामुळे ते पांगतात.

अँड्रॉइडवर हे सगळं हाताने लिहायची गरज नाही, पार्श्वभूमीत काम करून घेणारा वर्कमॅनेजर आहे. ‘कनेक्टेड’ ही अट लावा, अपयश आलं तर ‘रिझल्ट.रिट्राय’ परत करा. त्याचं अंतर मुळात ३० सेकंदांपासून सुरू होऊन दुपटीने वाढतं, १० सेकंदांच्या खाली नेता येत नाही आणि ५ तासांच्या वर जात नाही. काम ‘युनिक’ नावाने लावा, नाहीतर एकाच वेळी दोन कामगार (वर्कर) तीच नोंद उचलतील. फोन झोपेच्या मोडमध्ये असला की सिस्टीम हे काम लांबवते, त्यामुळे अ‍ॅप उघडल्यावरही एकदा प्रयत्न करा.

आधी फोनमध्ये, मग जगात

माझ्या त्या अ‍ॅपमध्ये आज ‘नेट असेल तर’ असा फाटा नोंद जपण्याच्या वाटेत कुठेच नाही. बटण दाबलं की नोंद ‘रूम’मध्ये, म्हणजे फोनमधल्या एसक्यूएलाइट डेटाबेसच्या टेबलात, जाते. नेट असो वा नसो. पडदा त्या टेबलावरूनच वाचतो. पाठवणारा कामगार वेगळा, तो टेबलातून न पोचलेल्या नोंदी उचलतो. प्रत्येक ओळीत यूयूआयडी, नोंद, स्थिती, किती प्रयत्न झाले आणि शेवटची एरर काय होती, एवढं असतं. शेवटच्या एररचा रकाना जरूर ठेवा. ‘माझं का जात नाही’ असा फोन आला की तोच वाचून दाखवायला सांगायचा.

आणि शब्द. मी आधी प्रत्येक यशाला ‘सेव्ह झालं’ लिहिलं होतं, त्यातूनच घोटाळा झाला. फोनमध्ये सेव्ह झालं की सर्व्हरवर? आता तीनच स्थिती आहेत: ‘फोनमध्ये आहे’, ‘पाठवत आहे’, ‘पोचली’. शेवटची फक्त सर्व्हरचं उत्तर हातात आल्यावर. ‘काहीतरी चूक झाली, पुन्हा प्रयत्न करा’ हे वाक्य मी काढून टाकलं. त्याने माणूस बटण दाबत राहतो आणि त्याला वाटतं चूक आपलीच. त्याजागी असं आहे: ‘इंटरनेट मिळत नाही. तुमची नोंद फोनमध्ये सुरक्षित आहे, नेट आलं की आपोआप जाईल.’ सर्व्हर बंद असेल तर ‘आमचा सर्व्हर सध्या उत्तर देत नाही’ असं सरळ लिहिते, म्हणजे तो बिचारा फोन बंद-चालू करत बसत नाही. हे संदेश पॉप-अपमध्ये टाकू नका, वर एका पातळ पट्टीत दाखवा. काम थांबता कामा नये.

तळघर टेबलावर आणायचं

विमान मोड चालू करून ‘आमचं अ‍ॅप ऑफलाइन चालतं’ असं म्हणू नका. विमान मोडमध्ये फोनला स्वतःलाच माहीत असतं की नेट नाही, तो लगेच नकार देतो. ही सगळ्यांत सोपी परीक्षा आहे. अवघड ती ‘आहे पण जात नाही’ ही अवस्था. ती घडवायची सोपी युक्ती: फोन वाय-फायला जोडलेला ठेवा, मोबाइल डेटा बंद करा, आणि राउटरला बाहेरून येणारी केबल उपटा. फोन वाय-फायला चिकटून राहतो आणि रिक्वेस्ट हवेत विरतात. मॅक आणि आयफोनवर ‘नेटवर्क लिंक कंडिशनर’ने शंभर टक्के पॅकेट गहाळ करता येतात. ब्राउझरमध्ये डेव्हलपर टूल्समधून वेग कमी करता येतो.

‘पोचली पण उत्तर आलं नाही’ हे हाताने घडवणं कठीण, म्हणून त्याची युनिट टेस्ट लिहा. ओकेएचटीटीपीच्या मॉकवेबसर्व्हरला (चाचणीसाठीच्या खोट्या सर्व्हरला) ‘नो रिस्पॉन्स’ किंवा ‘डिस्कनेक्ट आफ्टर रिक्वेस्ट’ असं सांगता येतं. पहिल्या वेळी उत्तर गिळायचं, दुसऱ्या वेळी द्यायचं, आणि दोन्ही रिक्वेस्टमध्ये यूयूआयडी तोच आहे ना ते बघायचं. ही एक टेस्ट माझ्याकडे आधी असती तर त्या तिप्पट नोंदी झाल्याच नसत्या. याखेरीज पाठवणं चालू असताना अ‍ॅप मारून बघा, फोनची तारीख एक वर्ष मागे नेऊन बघा, आणि शक्य असेल तर फोन घेऊन खरंच लिफ्टमधून खाली-वर जाऊन या.

मीटर रीडरच्याच सांगण्यावरून मी शेवटची गोष्ट जोडली. अ‍ॅपच्या पहिल्या पानावर दोन आकडे शेजारी असतात: ‘आज घेतलेल्या’ आणि ‘आज पोचलेल्या’. पहिला फोनच्या टेबलातून येतो, दुसरा सर्व्हरने मोजून सांगितलेला. फोनने आपल्याच खुणा मोजून दुसरा आकडा भरू नका, नाहीतर बग असला तरी दोन्ही जुळतील. संध्याकाळी तो वर येतो, उजेडात उभा राहून ते दोन आकडे जुळायची वाट बघतो, आणि मगच फोन खिशात टाकतो.